बाबांच्या वासाचं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. पण ज्यांची बांधायची ऐपत नाही आणि जे दुसऱ्याचं जुनं घर घ्यायला निघतात, त्यांच्यासाठी कुणी म्हण केलेली नाही. त्या मे महिन्यात आम्ही चंद्रपुरात आणि आजूबाजूला इतकी घरं पाहिली की मला स्वप्नातही लोकांच्या मोऱ्या दिसायच्या. नवरा वरोऱ्याकडचा, कापूस-सोयाबीनवाल्यांच्या घरातला. बाजारात टरबूज पाहावं तशी तो प्रत्येक भिंत बोटानं वाजवून पाहायचा. मी म्हणायचे, "तुमाले घर घ्याचं हाय का कापून खाचं?"

घुग्घुसच्या बाजूचं ते घर मात्र त्यानं वाजवलंच नाही. दारातून आत पाऊल टाकलं आणि म्हणाला, "बाई, कूलर कुठी लपवून ठेवला?" घरमालकीण हसली. कूलर नव्हताच. बाहेर धूळ, ट्रक आणि अंगाची काहिली करणारं ऊन होतं, आणि आतल्या खोलीत मात्र फरशीच्या फटींतून मंद गारवा येत होता. नवरा तिथल्या तिथे घर घ्यायला तयार झाला.

मला गारव्याचं विशेष काही वाटलं नाही. मला वास आला. ओल्या कोळशाचा, कुजक्या लाकडाचा, किंचित गंधकाचा. तो बाबांचा वास होता.

बाबा खाणीत सरदार होते. माणसं कामाला लागायच्या आधी आत जाऊन हवा तपासायची, हे त्यांचं काम. पाळी संपवून आले की न्हाणीत अर्धी साबणाची वडी झिजवायचे, तरी तो वास कानामागे उरायचाच. आई नाक मुरडायची. मी त्यांच्या पाठीला नाक लावून झोपायचे. ते गेले तेव्हा दवाखान्यातल्या औषधांनी तो वास आधीच पुसून टाकला होता. मला मरणापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. हे कुणाला सांगितलं नाही, कारण असलं काही सांगितलं की लोक म्हणतात, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्या घराचा मला नादच लागला. ओटा मोजायचाय, कपाट बसतं का पाहायचंय, असं काहीतरी निमित्त काढून मी तिथे जायचे. आतल्या खोलीत बसलं की पाठीमागे कुणीतरी बूट काढतंय असं वाटायचं. मी वळून पाहायचे नाही. पाहत नव्हते तोवर बाबा तिथे असू शकत होते.

घरमालकीण मुलाकडे नागपूरला चालली होती. तिच्या घरात एक रीत होती, खाली कुणी निजायचं नाही. आमची लहान मुलगी एकदा त्या फरशीवर पेंगली, तर बाईंनी तिला झटक्यात उचलून खाटेवर ठेवलं.

"खाली नोको निजवू पोरीले. डोकं जड होते, वाईट सपनं पडते."

"कशाची सपनं?"

"कोणी तरी खालून बोलावून राह्यलं, असं वाटते."

मी हसण्यावारी नेलं. खरं तर मला त्यांचा हेवा वाटला.

बुद्धपौर्णिमेला इसार द्यायचं ठरलं. त्या सकाळी मी मेणबत्त्या घेऊन गेले. पहिली आतल्या खोलीत, फरशीवर, बाबांच्या नावानं लावायची असं मी मनाशी धरलं होतं. नवरा आणि बाई ओसरीत बोलत बसले होते. मी उभ्यानं मेणबत्ती पेटवली. हातात ती छान जळत होती. वाकून खाली ठेवली तशी ज्योत बारीक झाली, वातीपासून सुटल्यासारखी जरा वर तरंगली आणि गेली. पुन्हा पेटवली, पुन्हा तेच. पंखा बंद होता, पडदा हलत नव्हता. धूर वर जायचा सोडून फरशीवरच पसरत होता.

मग कळलं. बाबा सांगायचे, "जिथी दिवा जगत नाई तिथी थांबू नोको. दरवेळी दम कोंडत नाई. झोप येते. लय गोड झोप." घराखाली जुनी, बंद पडलेली खाण होती आणि तिची हवा फटींतून वर येत होती. इतके दिवस मी बाबा समजून जे हुंगत होते, त्याच्यापासूनच ते रोज माणसांना मागे फिरवायचे.

मी वळले. माझ्या मागोमाग आलेली मुलगी कोपऱ्यात फरशीवर झोपली होती, फटीला गाल लावून, तोंड उघडं. उचललं तर मान लुळी पडली. मी तिला घेऊन अंगणात धावले, गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. नवरा पाणी आणायला धावला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि चिडून रडायला लागली.

"काऊन उठवलं? मले तिथीच निजाचं हाय."

नवऱ्याला आणि बाईंना मी सगळं सांगितलं. तो मुलीला छातीशी धरून गाडी काढायला गेला. आता आम्ही हे घर घेणार नव्हतो. बाईंना म्हटलं, आजच खाणीच्या ऑफिसात कळवा, आणि तोवर आतल्या खोलीत पाऊल टाकू नका. त्यांनी खाटेकडे पाहिलं. "म्हणजे मी खाटेमुळं वाचली का?" त्यांनी विचारलं. 

माझी पिशवी आत राहिली होती. ती आणायला मी एकटी गेले. पिशवी हातात आली तरी पाय निघेनात. मी डोळे मिटून खोल श्वास घेतला. आणखी एक घेतला. बाहेर मुलगी रडत होती, आणि इथे इतकी शांतता होती की वाटलं, जरा टेकावं. बाबा असते तर दंड धरून त्यांनी मला बाहेर काढलं असतं. ते नव्हते. मग मीच माझा दंड घट्ट धरला आणि बाहेर आले.