सिल्वानाच्या घरी ठकुबाई

समाधान घोलप आखातात, फुजैराच्या बंदरामागे तेलाच्या टाक्यांभोवती परांच्या बांधतो. मूळचा जुन्नरकडचा. वडील लहानपणीच गेले, आईनं दुसऱ्यांच्या मळ्यात राबून त्याला वाढवलं. आयटीआय करून तो इकडे आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. आईशी रोज फोन ठरलेला. पण व्हिडिओ कॉल करायचा तर तो समुद्रावर जायचा, मागे निळं पाणी आणि खजुराची झाडं येतील असा फोन धरायचा. "कंपनीनं मला स्वतंत्र खोली दिलीय, आई. एसी आहे. एकट्याची." असं त्यानं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. प्रत्यक्षात कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत आठ जण होते. खोटं एकदा बोललं की ते मोडायला मुहूर्त लागतो, तो कधी आला नाही.

एका वर्षी आईनं, ठकुबाईंनी, हट्टच धरला. "तुजा मुलूक मला एकदा बघू दे. नंतर माजे गुडघे चालायचे न्हाईत."

समाधाननं महिन्याचा व्हिसा काढला. कॅम्पात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून आईची सोय त्यानं चुलतभाऊ सुदेशकडे केली. सुदेश दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचा. तो आणि त्याची बायको विनिता दोघंही खुशीत होते. विनितानं तर लोणचंसुद्धा घालून ठेवलं होतं. आणि आईचं विमान अगदी तोंडावर आलेलं असताना सुदेशचा फोन आला.

"दादा, आमच्या पोरीला, अस्मीला, कांजिण्या आल्यात रे. डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला लांबच ठेवा. काय करू सांग."

समाधाननं हॉटेलं बघितली. आईला हॉटेलात एकटी ठेवायची, ती दार कुणाला उघडणार, खाणार काय, लिफ्टमध्ये कशी चढणार. तिकीट पुढे ढकलायचं तर व्हिसा वाया. त्याच विचारात तो दुसऱ्या दिवशी टाकीवर चढला आणि पट्टा न अडकवताच उभा राहिला.

खालून शिट्टी वाजली. सेफ्टीचा साहेब एत्तोरे हात हलवत होता. इटालियन माणूस, पांढरी दाढी, आवाज मोठा. त्यानं समाधानला खाली उतरवलं, सावलीत बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली.

"यू आर हिअर, युवर हेड नॉट हिअर," तो म्हणाला. "खलास. आज वर नाही जायचं. क्या हुआ, बोलो."

नोकरी जाते की काय या भीतीनं समाधाननं सगळं सांगून टाकलं. एत्तोरे ऐकत राहिला. मग उठला, जरा लांब जाऊन बायकोला फोन लावला, बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तुझी आई आमच्या घरी राहील. सिल्वाना म्हणाली, हो."

"नो नो, सर. हाउ कॅन, सर..."

"यल्ला, चल, काम नाही आज. घरी जा, झोप."

अशा रीतीनं ठकुबाई, नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, भाकरीच्या पिठाची पिशवी पोटाशी धरून, इटालियन माणसांच्या घरात उतरल्या. सिल्वाना दारातच उभी होती. उंच, सडसडीत, पन्नाशीची बाई, केस बारीक कापलेले. तिनं ठकुबाईंचे दोन्ही गाल एकामागून एक चुंबले. ठकुबाई दचकल्या, मग समाधानकडे बघून म्हणाल्या, "चांगली हाय बाई. पण बारीक किती!"

पहिले काही दिवस अवघड गेले. समाधाननं आईला बजावून ठेवलं होतं. "साहेबाचं घर आहे. कशाला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात जायचं नाही. देतील ते खायचं." जन्मात कधी रिकाम्या न बसलेल्या ठकुबाई हात मांडीवर ठेवून खोलीत बसून राहायच्या. सिल्वाना ताट घेऊन यायची, हसायची, काहीतरी बोलायची, निघून जायची. संध्याकाळी कंपनीची बस समाधानला कोपऱ्यावर सोडायची. तो आत यायचा, पण चपलांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावरच बसायचा. एत्तोरे सोफा दाखवायचा, हा "ओके सर, ओके सर" म्हणत तिथंच.

त्या खोलीत बसून बसून ठकुबाईंना एक गोष्ट दिसली. पलंग ठेंगणा होता. न्हाणीत भिंतीला धरायला दांडी बसवलेली, तीही नवीन. पलंगाखाली मऊ रबरी तळव्याच्या सपाता, त्यांचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

"आरं, ही खोली कुणा म्हाताऱ्या माणसाकरता केलेली हाय," त्या समाधानला म्हणाल्या. "ते कुठं गेलं? आपण कुणाची जागा तर अडवली न्हाई ना?"

समाधाननं दुसऱ्या दिवशी साइटवर धीर करून साहेबाला विचारलं. एत्तोरेनं हेल्मेट काढून हातात घेतलं. सिल्वानाची आई असुंता इटलीत बारी शहराजवळ एका गावात एकटी राहायची. चार वर्षं बोलावून बोलावून ती एकदाची यायला तयार झाली. सिल्वानानं खोली सजवली. असुंता यायच्या आधीच झोपेत गेली. सिल्वाना पोचली तोवर पुरून झालं होतं. तेव्हापासून ती खोली बंदच होती. "त्या दिवशी मी फोन केला," एत्तोरे म्हणाला, "तर ती आधी आईचंच बोलत राहिली. मग म्हणाली, त्या मुलाची आई तरी येऊ दे."

समाधाननं हे आईला सांगितलं. ठकुबाई कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

सकाळी उठून त्यांनी सपातांचं लेबल दातानं तोडलं, त्या पायात घातल्या आणि फटक फटक वाजवत सरळ स्वयंपाकघरात गेल्या. सिल्वाना कॉफी करत होती. आवाजानं तिनं मागे बघितलं, आधी चेहऱ्याकडे, मग पायांकडे. ती तशीच ओट्याकडे वळली आणि नळ सोडला. पाणी नुसतं वाहत राहिलं. ठकुबाईंनी पुढे होऊन नळ बंद केला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मराठीत म्हणाल्या, "रड बाई. आईकरता न्हाई रडायचं तर कुणाकरता?"

सिल्वाना रडली. मग डोळे पुसून इटालियनमध्ये तिनंही काहीतरी लांबलचक सांगितलं. ठकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. काय सांगितलं हे त्यांना आजही माहीत नाही, पण विचारलं तर म्हणतात, "आईचंच बोलत होती. दुसरं काय बोलंल?"

त्या दिवसापासून घर बदललं. सिल्वानानं रव्याचं पीठ मळून त्याच्या कांड्या केल्या, तुकडे पाडले आणि अंगठ्यानं दाबून कानाच्या पाळीसारखे वाटोळे आकार करायला लागली. तिच्या आईचा हा हातखंडा पदार्थ होता. ठकुबाईंनी ते बघितलं आणि पदर खोचला. त्यांच्याकडे लग्नकार्यात गव्हले वळतात, तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांनी त्याच पिठाचे गव्हले चिमटीत असे भराभर वळून टाकले, की सिल्वानानं कपाळावर हात मारला. टेबलावर एकीकडे कान, एकीकडे गव्हले. रात्रीच्या जेवणात दोन्ही एकाच टोमॅटोच्या रश्शात पडले. एत्तोरे पुन्हा पुन्हा वाढून घेत होता.

"लई पाणचट हाय, पण चव हाय," ठकुबाईंनी निकाल दिला आणि स्वतःच्या वाटणीत गावाहून आणलेला चमचाभर येसर मसाला घातला. एत्तोरेनंही चाखून बघितला. त्याचे कान लाल झाले, पण हार मानली नाही.

मग फिरणं सुरू झालं. समाधानला सुट्टी फक्त रविवारी. बाकीचे दिवस सिल्वाना ठकुबाईंना गाडीत शेजारी बसवून निघायची. खोरफक्कानचा किनारा, बिदियाची जुनी मातीची मशीद, डोंगरातला रस्ता. त्या डोंगरांनी ठकुबाई हबकल्या. "आरं, यवढाले डोंगर अन् गवताची काडी न्हाई! शेळ्या खात्यात काय?" आणि शेळ्या खरंच दिसल्या, खडकावर उभ्या. सिल्वानानं गाडी थांबवली. दोघी अर्धा तास शेळ्या बघत बसल्या. एका रविवारी चौघं मिळून दुबईला जाऊन तो सगळ्यात उंच मनोराही बघून आले. ठकुबाई वर गेल्या, काचेतून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "मानसं दिसत न्हाईत इथनं. चला खाली."

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. "तुजी खोली मला दाव."

"आई, लेडीज अलाऊड नाहीत तिथं."

"मग भायरनं दाव."

"काय बघायचंय त्यात? सिंपल खोली आहे."

ठकुबाई त्याच्याशी बोलायच्या थांबल्या. पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी सिल्वानाला समजावलं. आधी फोनमधला समाधानचा फोटो दाखवला, मग दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपायची खूण केली, मग बोट बाहेर. सिल्वानाला कळलं. तिनं एत्तोरेला पत्ता विचारला आणि गाडी काढली.

कॅम्पच्या गेटावर वॉचमननं अडवलं. तो नियमाचा माणूस, पण वाईट नव्हता. "अम्मा, अंदर नहीं," तो म्हणाला आणि समाधानला निरोप पाठवला. समाधान बनियनवरच धावत आला. आई गेटाबाहेर उभी, शेजारी साहेबाची बायको. त्यानं बनियन खाली ओढलं.

त्याच्या मागून खोलीतले बाकीचे आले. कपडे धुता धुता, बटाटे सोलता सोलता आलेली माणसं. रत्नागिरीचा बदरुद्दीन, सांगोल्याचा महादू, दोघे बिहारचे, दोघे नेपाळचे, एक बांगलादेशी. बदरुद्दीननं परिस्थिती ओळखली. "खाला, आत सोडत नाहीत तर काय झालं, आम्ही भायेर येतो," असं म्हणून तो आत गेला. पाच मिनिटांत गेटाबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आल्या, पाठोपाठ किटली आली, पेले आले. महादूनं आणि बिहारच्या पोरांनी वाकून पाया पडून घेतलं. सिल्वानाच्याही पडले. ती गोंधळली, मग तिनं प्रत्येकाशी हात मिळवला.

ठकुबाईंनी एकेकाला जवळ बोलावून नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं. समाधान दुभाष्याचं काम करत होता आणि घाम पुसत होता. शेवटी त्या वळल्या.

"ही समदी तुज्याच खोलीत?"

समाधाननं खाली बघितलं. "हो. आठ जण आहोत. पहिल्यापासून. मी तुला खोटं सांगितलं, आई."

सगळ्यांनी ठकुबाईंकडे बघितलं. मराठी न कळणाऱ्यांनीसुद्धा.

ठकुबाईंनी चहाचा घोट घेतला. "गाढवा," त्या म्हणाल्या, "मी यवढी वर्षं देवाला म्हणत हुते, माजं लेकरू एकटं ऱ्हातंय परमुलखात. ताप आला तर पानी कोन देणार. अन् हितं तुला सात भाऊ!"

समाधान फुटपाथवरच तिच्या पायाशी बसला. बदरुद्दीननं तोंड फिरवलं आणि विनाकारण किटली हलवून बघितली. नेपाळचा एक पोरगा हळूच विचारत होता, "माताजी क्या बोली?" महादूनं त्याला सांगितलं, तो पुढे बांगलादेशीला. सिल्वानाला कुणीच सांगितलं नाही, तरी तिनं समाधानच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी समाधान साहेबाच्या घरी गेला आणि कुणी न सांगता टेबलाची खुर्ची ओढून बसला. एत्तोरेनं त्याच्यापुढे ताटली सरकवली. दोघांनी टाक्यांचा विषय काढला नाही.

महिना संपत आला. जाताना ठकुबाई सिल्वानाबरोबर सुदेशकडे, डिस्कव्हरी गार्डन्सला, थांबल्या. अस्मी बरी झाली होती. "कांजिण्या गेल्या का गं?" त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "आय अ‍ॅम फाइन, आजी. बट हू इज धिस आँटी?" विनितानं सिल्वानाला पोह्यांचा आग्रह केला. विमानतळावर सिल्वानानं परत दोन्ही गाल चुंबले. या वेळी ठकुबाई दचकल्या नाहीत. त्यांनी तिच्या कानशिलांवरून बोटं फिरवून स्वतःच्या डोक्यापाशी कडाकडा मोडली. शेजारचे प्रवासी बघत राहिले.

यंदा एत्तोरेचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती दोघं बारीला परत गेली. समाधान आता परांचीवाल्यांचा फोरमन आहे, खोली तीच. सिल्वाना अधूनमधून त्याला फोन करते आणि आईला जोडून द्यायला लावते. सुरुवातीला तो मध्ये पडून मराठी-इंग्रजीत सांगायचा. एकदा ठकुबाईंनीच त्याला झापलं, "तू गप ऱ्हा, आमचं आम्हाला कळतंय."

परवा सिल्वानानं त्यांना बारीला बोलावलंय. समाधान म्हणाला, "आई, इटली लांब आहे. तिथं थंडी फार."

ठकुबाई म्हणाल्या, "पासपोर्ट हाय माज्याकडं. तू तिला इचार, घोंगडी आणू का तिकडं मिळंल."