ब्लॉग सोबर केला तेव्हा

माझा ब्लॉग कुणी वाचत नाही याचा दोष मी बरीच वर्षं लोकांनाच दिला, आणि त्यात फार चुकलो असं मला आजही वाटत नाही. धाराशिवात वाचण्यासारखं जे काही असतं ते चौकात फ्लेक्सवर लागलेलं असतं. मधोमध गॉगल लावलेला वाढदिवसवाला, डोक्यावर गोलागोलात पुढारी आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी दाटीवाटीनं. एवढं बघून झालं की आमच्या माणसांची वाचनाची भूक भागते.

कॉलेजातून निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात एकदा मी माझाच ब्लॉग परक्यासारखा उघडून पाहिला आणि मला शरम वाटली. मथळा झेंडूच्या रंगाचा, अक्षरं मरून, वर 'सुस्वागतम'ची पट्टी सरपटत चाललेली, कोपऱ्यात हलत्या ज्योतीची समई. म्हणजे ज्यांना आयुष्यभर नावं ठेवली त्यांच्याच पंगतीत मी पाट मांडून बसलो होतो. अशा ठिकाणी वाचणारा माणूस थांबेल कशाला? आणि मला तोच पाहिजे होता. गर्दी नको, एकच, पण ज्यानं मला खरंच वाचलंय असा. एवढ्या वर्षांत ते एक माणूस काही मिळालं नव्हतं.

म्हणून ब्लॉग सोबर करायचं ठरवलं. काय बदललंय ते कळूसुद्धा नये, नुसतं वाचताना बरं वाटावं, इतपतच. पट्टी काढली, समई विझवली. ओळींमधली जागा वाढवली, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत होते आणि हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात येणार कसं, त्यासाठी वाचावं लागतं. पार्श्वभूमी दुधाळ केली. वरचा माझा फोटो कुणाच्या तरी लग्नातला, गुलाबी फेटा बांधलेला होता. तो काढून जुना, साध्या शर्टातला लावला, काळा-पांढरा केला आणि भोवती बारीक काळी चौकट दिली. खाली माझं नाव, त्याखाली 'जे पाहिलं, ते लिहिलं' एवढीच ओळ. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "चांगलंय, पण फोटो तेवढा रंगीत असू द्या." मी तिला सांगितलं की या घरात अभिरुचीचं खातं माझ्याकडं आहे.

सकाळी दहाच्या सुमारास भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती लिंक टाकली. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. 'बघा आणि कळवा' असलं आर्जव करायला मी काही साड्यांचा सेल लावला नव्हता. मग फोनचा आवाज बंद करून जेवलो आणि झोपलो.

उठलो तो दारावरच्या थापेनं. बाहेर बेंबळीचा माझा चुलतभाऊ आणि त्याची बायको. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि तिच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. मला बघून तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

"दादा, तुमी तर हायत की."

"आहे. कुठं जाणार?"

"मग त्ये ग्रुपवर फोटू…"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काळा-पांढरा फोटो, काळी चौकट, खाली नाव आणि एक ओळ. आमच्याकडं असा फोटो ग्रुपवर एकाच कारणासाठी येतो. जिवंत माणसाचा फोटो रंगीत असतो, त्याच्या गळ्यात हार तरी असतो नाहीतर शेजारी केक तरी. लिंकबरोबर तोच फोटो आपोआप ग्रुपवर झळकला होता, आणि लिंक उघडायच्या फंदात कुणी पडलंच नव्हतं. पहिल्यानं हात जोडले, त्याचे बघून दुसऱ्यानं, आणि तासाभरात अख्ख्या भावकीनं मला मार्गी लावलं होतं.

"अरे, फोन तरी करायचास," मी म्हणालो.

"केला की. तुमी उचलंना. म्हनलं, आता कसला उचलत्यात."

भावजयीच्या गाठोड्यात पिठलं-भाकरी होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जवळच्या माणसांनी कडू घास न्यायचा असतो, तो ती माझ्यासाठी घेऊन आली होती. म्हणजे माझ्या बायकोसाठी. "लई आयुष्य वाढलं बघा तुमचं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून गाठोडं सोडायला लागली. असलं अन्न माघारी न्यायचं नसतं, असं तिचं म्हणणं. चौघांनी मिळून माझा कडू घास खाल्ला. पिठलं झणझणीत झालं होतं, हे नाइलाजानं सांगावं लागतं. बायको मला वाढताना हसू दाबत होती.

ते गेल्यावर मी ब्लॉग उघडला. बातमी ग्रुपमधून बाहेर पडली होती आणि लोक खाली कमेंट टाकून गेले होते. ज्या जागेत वर्षानुवर्षं काळं कुत्रं फिरकलं नव्हतं तिथं श्रद्धांजल्यांची रांग लागली होती. जन्मात माझी एक ओळ न वाचलेल्यांना माझी परखड लेखणी थांबल्याचं दुःख झालं होतं. साहित्यविश्वाची हानी झाली होती. एका महाशयांनी तर कुणाच्या तरी मातोश्रींसाठी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला होता. त्यात मी अतिशय मायाळू होतो आणि माझ्या हातच्या पुरणपोळ्यांची चव कुणीच विसरणार नव्हतं. मी एकेक वाचत खाली जात होतो आणि मनातल्या मनात प्रत्येकाची सालटी काढत होतो.

तेवढ्यात एक लांबलचक कमेंट आली. नावाच्या जागी नुसतं 'एक वाचक' होतं. मजकुरावरून बाई, ढोकीला कारखान्याच्या वसाहतीत राहणारी, एवढं कळत होतं.

'सर, तुमचे सगळे लेख मी वाचले आहेत. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं वाजणाऱ्या टेपबद्दल तुम्ही लिहिलं होतं, ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. येडशीच्या फलाटावर गाडी चुकलेल्या म्हातारीचा लेख तर मी पुन्हा पुन्हा वाचते. कितीदा वाटलं, कळवावं. पण एकानं तुम्हाला "खूप छान सर" असं लिहिलं होतं तर तुम्ही त्याच्यावर अख्खा लेख लिहून त्याची चेष्टा केली. मला तर त्याच्याएवढंसुद्धा नीट लिहिता येत नाही. आता तुम्ही वाचणार नाही म्हणून लिहिते. खूप छान लिहायचा सर.'

मी ती कमेंट पहिल्यापासून पुन्हा वाचली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पाहिजे ते माणूस तिथंच होतं, सासूला वाचून दाखवत होतं, आणि माझ्या भीतीनं दाराबाहेर उभं होतं. हिला तरी आपण जिवंत असल्याचं लगेच कळलं पाहिजे, असं मला फार वाटलं. बाकीच्यांनी खुशाल तेराव्याची तयारी करावी.

घाईघाईनं उत्तर लिहिलं. चांगलं मोकळेपणानं, घरच्यासारखं लिहिलं, असं मला तेव्हा वाटलं: 'मी जिवंत आहे. एवढं सगळं वाचत होता तर आधी कळवायला काय झालं होतं?'

सकाळी उठून पाहिलं तर श्रद्धांजल्या सगळ्या जागच्या जागी होत्या. तिची कमेंट नव्हती. 'ही टिप्पणी लिहिणाऱ्यानं काढून टाकली आहे' असं तिथं आलं होतं, आणि खाली माझा प्रश्न तसाच होता.