पेल्यातलं जांभूळ

खिडकीतल्या उजेडात मी पेला तिरका धरून हलवतो. आतली रेड वाइन काचेवर चढते आणि सावकाश ओघळते. रंग तोच, पिकल्या जांभळाचा. पण त्या तापानंतर माझं नाक मेलंय. पेल्यात नाक खुपसून मी श्वास ओढत राहतो, आत कुणी नाही हे ठाऊक असूनही दार ठोठावत राहावं तसा. चव म्हणून आपण जिचे गोडवे गातो, ती बहुतेक नाकातच राहत असावी. जिभेकडे उरतं आंबट, गोड, तुरट. बस्स.

शेवटी पेला बायकोपुढे धरला. ती वाइनच्या थेंबालाही शिवत नाही.

"सुधा, तू सांग. कसला वास येतोय?"

तिनं हुंगलं. क्षणभर तिचा चेहरा आक्रसला. मग म्हणाली, "जांभूळ. आणि मागून जराशी लवंग."

हे माझेच शब्द. दर बाटलीला मी तिला ऐकवायचो.

मी घोट घेतला आणि जीभ चरचरली. गेल्या आठवड्यात उघडलेल्या त्या बाटलीचं पार व्हिनेगर झालं होतं.

सुधा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो गं," मी म्हणालो, "लवंग आहे."