रशीदाआपांची बोलिंग टीम

दापोलीला शेवटची भेटले तेव्हा रशीदाआपा अंथरुणाला खिळल्या होत्या. तरी माझा हात धरून म्हणाल्या, "गो, चेंडू सोडताना मनगट अजून वाकवतेस?" आणि खोकला येईपर्यंत हसल्या. काही आठवड्यांतच त्या गेल्याचं कळलं... पण त्यांच्याबद्दल आठवायला बसले की आठवतं ते सगळं हसरंच.

नव्वदच्या दशकात बहारीनमधल्या आमच्या छोट्याशा कॉलेजात आपा टायपिंग शिकवायच्या. मुलींसाठी खेळ म्हणून काहीच नव्हतं. आपांनी मनामातल्या एका बोलिंग सेंटरच्या मॅनेजरला गाठलं, सकाळी रिकामी असणारी लेन मिळवली आणि आम्हा चौघींची टीम उभी केली. जड चेंडू घरंगळत सोडायचा नि टोकाच्या दहा पिना पाडायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक.

माझे बाबा तिथेच सित्र्याला एका कंपनीत फिटर. कॉलेजांच्या सामन्याचं ऐकून म्हणाले, "मफी! नाही म्हणजे नाही. शिकायला पाठवलंय, गोळे फेकायला नाही." आपा थेट घरी आल्या. चहा घेतला, गावाकडची चौकशी केली, मग म्हणाल्या, "भाऊ, परवानगी नका देऊ. नुसते बघायला या. नाही पटलं तर तिथूनच घेऊन जा पोरीला."

बाबा आले, शिफ्ट संपवून, कंपनीच्या कपड्यांतच. नेमकी त्याच दिवशी आमची सुनीता तापाने फणफणलेली. आयोजक तिघींना खेळू देईनात, बदली म्हणून शिक्षिका चालेल म्हणाले. आपांनी ओढणी कमरेला खोचली, भाड्याचे बूट चढवले. शिकवलं होतं खूप, सामना कधी खेळल्या नव्हत्या. पहिला चेंडू सरळ कडेच्या पन्हळीत! समोरच्या मुली हसल्या. आपा त्यांच्याहून मोठ्याने. शेवटच्या फेरीत मात्र चेंडू डुलत डुलत गेला, मधोमध लागला आणि दहाच्या दहा पिना आडव्या. मागून आरोळी आली, "यल्ला, आपा!" वळून बघते तर बाबा खुर्चीवर उभे.

आम्ही हरलोच, चांगल्या सपाटून. तरी बाबांनी सगळ्यांना शावरमा खिलवला आणि हळूच विचारलं, "पुढचा सामना कधी?"

"इंशाल्ला, लवकरच," आपा म्हणाल्या, "पण भाऊ, खुर्चीवर बसून बघायचा."

कॉलेज संपलं, आम्ही पांगलो. दर ईदला आपांचा प्रत्येकीला फोन यायचा. मुबारकबाद नंतर, आधी दटावणी: "घरात बसून नाहीस ना?" या ईदला दुपारपर्यंत उगाच वाट बघितली... मग मीच सुनीताला फोन लावला. तिने उचलला, आणि दोघी एकदमच म्हणालो, "घरात बसून नाहीस ना?"