प्रसेनजीतचा डावा पाय

प्रसेनजीतच्या बोटांबद्दल कोल्हापुरात कुणी वाकडा शब्द काढणार नाही. वीस वर्षं त्याने ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत वस्त्याच्या वस्त्या नाचवल्या. घोडं अडलं ते पायाशी. सात वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत साच्याची लोखंडी चौकट डाव्या घोट्यावर पडली, तेव्हापासून तो घोटा अर्धाच वाकतो. आणि अशा माणसाला चाळिशीत हौस कसली सुटावी, तर ऑर्गनची! ऑर्गन वाजतो हाताने, पण जगतो पायांवर. खालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबत राहायचं, तेव्हा कुठे भात्यात हवा भरते आणि सूर निघतो.

शिकवणारे बाळासो मास्तर शिवाजी पेठेतले. पन्नास वर्षं संगीत नाटकांना साथ केलेली. आता डोळे गेलेले, कानही थकत चाललेले. नाट्यमंडळाचा ऑर्गन त्यांच्याच बाहेरच्या खोलीत असायचा. पहिल्या रविवारी प्रसेनजीतने सूर लावला आणि सवयीने उजवा पाय दाबून धरला. कीबोर्डचा पेडल दाबून धरला की सूर लांबतो. इथे तो कण्हला आणि मेला.

"आरं, दाबून काय धरतोस? ब्रेक हाय व्हय त्यो?" मास्तर खेकसले. "दाब, सोड, दाब, सोड. भात्याला श्वास घिऊ दे की!"

ती खोड तीन महिन्यांत मोडली. डाव्या घोट्याचं काय करणार? दहा मिनिटं झाली की तो ताठायचा, हवा कमी पडायची आणि सूर मधेच बसायचा. तरी दीड वर्षात एक रविवार चुकला नाही. "तुमच्या घोट्याला तेल चोळण्यातच माझा जन्म जाणार," असं बायको, प्रीती, म्हणायची आणि चोळायची.

मास्तर एकदाच बोलून गेले होते, "माझ्यामागं ह्यो वाजता ऱ्हाऊ दे. दुसरं कोण न्हाय रं." दुसरा शिष्य खरोखरच नव्हता. त्या एका वाक्यावर प्रसेनजीतने दीड वर्ष काढलं.

मग मंडळाचं नाटक ठरलं. ऑर्गन टेम्पोत घालून नाट्यगृहात नेला. तालमीत रूपाली नायिकेचं पद म्हणत होती. तान वर चढली आणि नेमका घोटा ताठला. सूर खाली बसला, बिचारी गाताना थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दिग्दर्शक विजयसिंह काही वाईट माणूस नव्हता, तेच तर वाईट. त्याने जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला.

"राग मानू नका, प्रसेनजीतराव. तुमच्या कीबोर्डात ऑर्गनचा आवाज हाय की. बटण दाबलं, काम झालं. मास्तरास्नी कशाला सांगायचं?"

प्रसेनजीतला रागसुद्धा आला नाही. पाय कुणाचा होता, हे त्याला ठाऊक होतं.

प्रयोगाला मास्तर पहिल्या रांगेत बसले. ऑर्गन विंगेत चादर पांघरून उभा होता आणि त्याच्या शेजारी बसून प्रसेनजीत कीबोर्ड वाजवत होता. त्याचे पाय मात्र ऐकत नव्हते. दाब, सोड, दाब, सोड, ते मोकळी जमीनच दाबत होते. दहा मिनिटांनी डावा ताठला. भोंग्यातून येणारा सूर कुठेही अडखळला नाही, आणि प्रसेनजीतला जन्मात कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज वाटली.

पडदा पडल्यावर मास्तर रूपालीचा हात धरून चाचपडत विंगेत आले. ते खाली वाकले आणि त्यांनी शिष्याच्या डाव्या घोट्यावर हात ठेवला. घोटा ताठलेला, गरम.

"जिंकलास गड्या! एकदा बी भाता तुटला न्हाय." मास्तरांचे डोळे वाहत होते. "आता रविवारचं येऊ नगंस. माझ्याकडचं सगळं तुला देऊन झालं."

रूपालीने मान दुसरीकडे वळवली. प्रसेनजीतने चादरीखालच्या ऑर्गनकडे एकदा पाहिलं.

"व्हय, मास्तर," तो म्हणाला.