बिनमालकाचं शिवणघर

काजाक्कांचं खरं नाव कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. शर्टाला काजं करायच्या मशीनवर त्या बसायच्या म्हणून काज, आणि वयाने मोठ्या म्हणून अक्का. त्यांना एक वाईट खोड होती. कुठलीही गोष्ट चालते कशी, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. लग्न होऊन आल्या आल्या त्यांनी सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडून बघितलं होतं. परत जोडलं तेव्हापासून ते पुढे धावायला लागलं, आणि सासरे उरलेलं सगळं आयुष्य वेळेआधी पोचत राहिले.

कारखाना म्हणजे एक लांबट हॉल. आतल्या टोकाला कापड कापायचं टेबल, मधे मशीनच्या दोन रांगा, खिडक्यांशी इस्त्री आणि दाराजवळ काज-बटण. शाळांचे गणवेश शिवायचे. मालक थकले, त्यांच्या मुलांना शिवणकामात काडीचा रस नव्हता, तेव्हा त्यांनी कारखाना बेताच्या किमतीत कामगारांनाच विकला. एका दिवसात बावीस जण मालक झाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या मशीनवर येऊन बसले. नियम एकच ठरला. शनिवारी काम संपलं की सगळ्यांनी टेबलाभोवती जमायचं आणि जे काही असेल ते हात वर करून ठरवायचं. कटिंग करणाऱ्या मास्तरांचा एक हात, झाडू मारणाऱ्या बाईंचाही एकच.

सहा महिने झाले तरी भांडण म्हणून नाही. आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक मुद्दाम बघायला यायचे, की मालक नसताना ही मंडळी एकमेकांच्या झिंज्या कशी उपटत नाहीत! अक्का त्यांना तोऱ्यात सांगायच्या, "आमच्याकडे राज्य कुणाचंच नाही. जे करतो ते सगळे मिळून."

मग खिडक्यांचं प्रकरण झालं. इस्त्रीवाल्या भाऊंनी एका शनिवारी सुचवलं की बाहेरची धूळ कपड्यांवर बसते, तेव्हा खिडक्या दिवसभर बंद ठेवाव्यात. दिवस उकाड्याचे. अक्कांनी मनात म्हटलं, वेडबिड लागलं की काय याला? तेवढ्यात त्यांच्या अंबाड्यातली पिन निसटली, म्हणून त्यांनी ती खोचायला हात डोक्याकडे नेला. बघतात तर टेबलाभोवती भराभर हात वर.

"ठरलं," मास्तर म्हणाले.

सोमवारी हॉलची भट्टी झाली. भाऊ स्वतः बनियनवर आले. अक्कांनी डबा खाताना विचारलं, "अरे, तुम्हाला हे हवं तरी होतं का?"

"छे हो," ओव्हरलॉकवाली म्हणाली. कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसणारी ही मुलगी अक्कांच्याच हाताखाली तयार झाली होती. "पण तुम्ही हात केलात ना!"

"मी अंबाडा सावरत होते गं!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली, खिडक्या उघडल्या गेल्या आणि विषय संपला. अक्कांचा मात्र तिथेच सुरू झाला. आठवडाभर त्यांनी एकेकाला गाठून विचारलं. कुणी म्हणे, सवयीने. कुणी म्हणे, तुम्ही काही वाईट थोडंच करणार? शेवटी त्या मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "मालक होते तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायचो. आता तिथे कोणी नाही. पण मानेला वळायची सवय आहे, ती कुठेतरी वळणारच."

"पण माझ्याकडेच का?"

"मालकांशी बोलायला आम्ही कायम तुम्हालाच पुढे करायचो. शिवाय तुमच्या हातून गेल्याशिवाय एक शर्ट बाहेर पडत नाही. तुम्ही रुसलात तर सगळं ठप्प."

"मी कधी रुसले हो?"

"तेच तर. तुम्हाला कधी रुसावंच लागलं नाही."

घरी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. "नवलच आहे," तो म्हणाला. "इथे तर तू हाकललंस तरी मांजरसुद्धा जागची हलत नाही."

पुढच्या शनिवारी अक्कांनी खोडसाळपणे एक सूचना मांडली. कारखान्यातल्या चहात यापुढे साखर नको. आणि स्वतः हात वर केला. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग हात वर आले. कपात तीन चमचे साखर घेणाऱ्या मास्तरांचासुद्धा आला. "अहो, थट्टा केली," अक्का घाईघाईने म्हणाल्या. पुन्हा हशा पिकला. अक्कांना मात्र हसू आलं नाही. घड्याळ उघडावं आणि आत आपलाच हात दिसावा, तसं काहीसं त्यांना झालं होतं.

अशातच बड्या व्यापाऱ्याचा माणूस आला. गणवेशांचं काम निम्मं वर्ष, उरलेले महिने मशीन झाकून ठेवून बसायचं आणि हात आखडून जगायचं. हा बाराही महिन्यांचं काम देत होता, दवाखान्यातल्या रुग्णांचे झगे शिवायचं. अट एवढीच की दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. नमुन्याचा झगा त्याने टेबलावर पसरला. पाठीमागे नाड्या. बटण नाही. काज नाही.

अक्कांनी झगा उलटून पालटून बघितला. त्यांची उभी हयात काजाच्या मशीनवर गेली होती. डोळे मिटूनही काजाची सुई कुठे उतरते हे त्यांना कळायचं. मास्तर तेवढ्यात म्हणाले, "एकच गिऱ्हाईक धरलं तर तोच मालक होऊन बसेल. उद्या मजुरी कापली तर जाणार कुठे?" हे वाक्य अक्कांनी झेललं आणि आठवडाभर ज्याला त्याला ऐकवलं. पुन्हा मालक आणायचा का? कशासाठी सुटलो मग आपण? लोक माना डोलावत होते. ओव्हरलॉकवाली तेवढी काही बोलत नव्हती. तिचा नवरा घरी बसून होता, आणि रिकामे महिने तिच्या घरात कसे जातात हे अक्कांना माहीत होतं.

"एवढा घसा कशाला कोरडा करतेस?" नवरा म्हणाला. "हात खाली ठेव, झालं. संपली ऑर्डर."

अक्का भांडी घासता घासता थांबल्या. खरंच होतं ते. आणि झग्याला बटणं असती तर हे एवढं मालक-मालक आपण केलं असतं का? उत्तर आलं, पण ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

शनिवारी त्या बटणांचे डबे घेऊनच टेबलाशी आल्या. प्रत्येकाला एक पांढरं बटण, एक काळं. ऑर्डर घ्यायची असेल तर पांढरं, नको असेल तर काळं. कोपऱ्यात बांधलेल्या पडद्यामागे जायचं, एक बटण पिशवीत, उरलेलं कचऱ्याच्या टोपलीत. "हात करायचा नाही. माझ्याकडे बघायचं नाही," अक्का म्हणाल्या, आणि सगळ्यांनी आज्ञाधारकपणे नजरा खाली वळवल्या. त्यांनी स्वतः काळं टाकलं. मनातून त्यांना खात्री होती की तरीही आपणच जिंकणार.

मास्तरांनी पिशवी टेबलावर उपडी केली. पांढरंच पांढरं. चिंध्यांमध्ये हरवल्यासारखी दोन काळी.

अक्कांना फार वाईट वाटलं. तरी त्या म्हणाल्या, "ठरलं. नमुना आणा इकडे." दुसरं काळं मास्तरांचंच, हे उघड होतं. पण निघताना दाराशी मास्तर खाली मान घालून पुटपुटले, "माफ करा अक्का. बोललो एक, टाकलं पांढरं. घरी मुली आहेत." अक्का म्हणाल्या, "सांगायचं नसतं ते," आणि मग रस्ताभर विचार करत राहिल्या की मास्तर नाहीत तर कोण?

सोमवारी ओव्हरलॉकवाली त्यांना नाड्या जोडायला शिकवत होती. अक्कांची नाडी वाकडी जात होती. मुलीने ती उसवली, पुन्हा हातात दिली आणि हळूच म्हणाली, "ते दुसरं काळं माझं होतं."

"तुझं? अगं, तुला तर हे काम हवं होतं!"

"हवंच होतं. रात्रभर देवाला म्हणत होते, ऑर्डर मिळू दे." तिचे डोळे भरले. "पण पडद्यामागे गेले आणि तुम्हीच दिसायला लागलात."

अक्का रागावायला तोंड उघडत होत्या. पण त्याआधी त्यांना बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी दिसले ना, तर सरळ हाकलून दे मला."

"बरं अक्का," मुलगी लगेच म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."