ब्रेकमास्तरांचा पाय

आता सगळं सुरळीत झालंय म्हणून ही हकिकत हसत हसत सांगता येते. मागच्या वर्षी कुणी विषय काढला असता तर मास्तर उठून बाहेर गेले असते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. हे गाडी शिकवणारे मास्तर. पेट्रोल पंपाच्या बाजूला एक चिंचोळी खोली, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता, दोन खुर्च्या, आणि बाहेर एक पांढरी गाडी, जिचा एकही कोपरा पोचा पडल्याशिवाय राहिलेला नाही. या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे, खाली, आणखी एक ब्रेक बसवलेला असतो. तो मास्तरांचा. शिकणारा गडबडला, की यांनी तो दाबायचा. त्या ब्रेकवर मास्तरांचं अख्खं नाव उभं होतं. म्हणजे लोक त्यांना म्हणायचेच ब्रेकमास्तर. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे पुढे तर भाजीवालासुद्धा "या ब्रेकमास्तर, टोमॅटो ताजे आहेत" म्हणायला लागला.

मास्तरांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट छाती फुगायची. का नाही फुगणार? इतकी वर्षं नवशिक्यांना गर्दीत घेऊन फिरले, पण कुणाला ओरखडा म्हणून आला नाही. शिकणाऱ्याचे हात थरथरले, नजर भलतीकडे गेली, समोर दुधाची गाडी आली, की मास्तरांचा पाय खटकन खाली. डोक्याला विचारायच्या भानगडीत तो पाय पडायचाच नाही. घरी टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग चालू झाला तरी यांचा पाय फरशीवर टपटप. त्यांच्या मेव्हण्याने तर हातच जोडले होते. "दाजी, माझ्या गाडीत तुम्ही मागे बसा. पुढे बसून तुम्ही पाय आपटता आणि मला घाम फुटतो."

तर असा हा माणूस. बोलायला गोड, आवाज कधी चढायचा नाही, फक्त पाय तेवढा स्वतंत्र बाण्याचा.

मास्तरांना एकच लेक. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, म्हणून तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. घरात सगळे तिला पिटू म्हणायचे. पिटू तिसरीत गेली तेव्हा पालकांच्या सभेत वर्गाच्या बाईंनी सांगितलं, "रोज संध्याकाळी थोडा वेळ घरातल्या मोठ्यांनी मुलांजवळ बसा आणि सोबत वाचा. परीक्षा घेऊ नका, रागावू नका. रोज एकत्र जेवता ना, तसंच रोज एकत्र वाचा." बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या आणि पायऱ्या उतरता उतरता मोबाइल काढले. मास्तर मात्र तिथूनच थेट वाचनालयात गेले आणि मुलांची पुस्तकं काखोटीला मारून घरी आले.

त्याला कारण होतं. मास्तरांच्या लहानपणी घरात छापलेलं म्हणाल तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि विजेचं बिल. शाळेत उभं राहून धडा वाचायची पाळी आली की त्यांच्या पोटात गोळा यायचा, अक्षरं नाचायची, मागच्या बाकावरून खसखस पिकायची. तो गोळा अजून गेला नव्हता. आजही लायसन्सच्या कचेरीत कुणी "जरा वाचून दाखवा हो" म्हणालं, तर मास्तर चष्मा विसरल्याचं नाटक करत. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते, तेव्हा हे नाटक किती चालत असेल ते तुम्हीच समजा. आपल्या पोरीच्या पोटात हा गोळा कधी येऊ द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट मास्तरांनी मनाशी पक्की केली होती.

झालं, वाचन सुरू झालं. मास्तर कामावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि सोफ्यावर बसायचे. उजवीकडे पिटू, डावीकडे मास्तर, पुस्तक तिच्या मांडीवर. पहिला आठवडा काय मजेत गेला! नंतर मात्र गाडं अडायला लागलं. पिटू एखाद्या शब्दाशी थांबायची. मास्तर हळूच तो शब्द सांगायचे. ती पुढे जायची, पुन्हा थांबायची, मास्तर पुन्हा सांगायचे. हळूहळू ती दर दोन शब्दांना थांबू लागली. मग बरोबर वाचनाच्या वेळेला तिचं पोट दुखायला लागलं. मग "बाबा, आज नको ना." आणि शेवटी एका संध्याकाळी तिने पुस्तक उघडलं, मिटलं, आणि "मला येत नाही वाचायला" म्हणून जी आत निघून गेली ती गेलीच.

पोट दुखतंय, असं ती म्हणाली होती ना? मास्तरांना ते पोट ओळखीचं वाटलं. ज्याला आयुष्यभर घाबरलो तेच आपल्या पोरीच्या वाट्याला आलं, असं वाटून त्यांना जेवण गोड लागेना.

बायको म्हणाली, "डोळे तपासू." आता तिला जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ डोळ्यांतच दिसायचं. शेजारणीची कंबर धरली तरी ही म्हणायची, नंबर वाढला असेल. पण यावेळी मास्तरांनी वाद घातला नाही. डोळे तपासले. एकदम ठणठणीत! मास्तरांनी हुश्श केलं, पण हुश्श पुरतं बाहेर पडायच्या आतच दुसरी काळजी दारात उभी. डोळे नाहीत, तर मग काय?

ते शाळेत बाईंना भेटले. बाई म्हणाल्या, "अहो, हुशार आहे पोरगी. एकटी कोपऱ्यात बसली की वाचते, मी पाहिलंय ना. ओठ हलतात, मध्येच हसते. पण आताशा शेजारी कुणी येऊन बसलं की गप्प. घरी कोण वाचून घेतं तिच्याकडून?"

"मीच," मास्तर म्हणाले. "पण बाई, देवाशपथ, एका शब्दाने रागावत नाही मी."

बाईंना ते खरं वाटलं, कारण ते खरंच होतं. डोकं तल्लख आहे हे ऐकून मास्तरांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं. उरलेलं अर्धं मात्र जास्तच जड झालं. एकटी वाचते. म्हणजे पुस्तकाशी तिचं भांडण नाही. मग भांडण कुणाशी?

याचं उत्तर मिळालं ते भलत्याच ठिकाणी, भर रस्त्यात. मास्तरांकडे तेव्हा एक सिस्टरबाई गाडी शिकायला येत. हयातभर दवाखान्यात नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ, मनाने साफ. त्या दिवशी चौकात समोर एक कुत्रं आडवं आलं. सिस्टरबाईंनी वेग कमी करायला घेतला, तोच मास्तरांचा पाय खटकन खाली. गाडीने गचका दिला आणि बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ.

सिस्टरबाईंनी स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मास्तर, मला कुत्रं दिसलं होतं."

"हो, पण म्हटलं उगाच..."

"उगाच काय? मी थांबवतच होते. तुमचा पाय पडला की मी काय करत होते तेच विसरते बघा. आणि खरं सांगू? तुमचा पाय आता पडेल, मग पडेल, याच धास्तीत माझं निम्मं लक्ष खाली असतं. मला जरा चुकू तरी द्या, म्हणजे सावरता येईल!"

मागचे हॉर्न वाजतच होते. मास्तर समोर बघत बसले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे चौक नव्हता, सोफा होता. उजवीकडे पिटू, डावीकडे आपण, आणि फरशीवर आपला पाय.

"अरे देवा," मास्तर म्हणाले.

"एवढं काही मनाला लावून घेऊ नका हो," सिस्टरबाई घाबरून म्हणाल्या. "मी आपलं सहज बोलले."

त्या संध्याकाळी मास्तरांनी पुस्तकाला हात लावला नाही. पिटू खिडकीशी रंगीत खडूंनी काहीतरी गिरगटत बसली होती. मास्तर तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "पिटू, एक विचारू? मी शेजारी बसलो की तू वाचताना थांबतेस ती का गं?"

पिटूने वर न बघताच सांगितलं, "तू पाय आपटतोस म्हणून."

"कधी?"

"मी चुकले की. कधी कधी चुकायच्या आधीच. मला वाटतं, तू रागावलास. मग मी थांबते. मग तू शब्द सांगतोस. मग सगळं तूच वाचतोस."

इतक्या सरळपणे सांगितलं पोरीने! मास्तरांना वाटत होतं, हिला शब्द येत नाही म्हणून ही थांबते. तिला वाटत होतं, बाबाने थांबवलं म्हणून थांबायचं. आणि मधल्या मधे तो पाय इमानेइतबारे आपली नोकरी करत होता!

"मी नाही गं रागावलो कधी," मास्तर म्हणाले. "तो पायच येडा आहे. त्याला वाटतं, तू गाडी आहेस."

पिटूने आता वर पाहिलं. "खरंच रागावत नाहीस?"

"अजिबात नाही. तुझी शपथ."

आणि मग मास्तर हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून. मास्तर म्हणाले, "अगं, डोळे नाहीत, डोकं नाही, माझा पाय आहे! नुसता पाय!" स्वतःचीच चूक सापडल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. पोरीत काही खोट नाही, तिचं पुस्तकाशी वाकडं नाही, आणि जे वाकडं आहे ते आपल्याच गुडघ्याखाली आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडणार नाही तर काय!

आता कारण सापडलं तरी पाय काही लगेच ऐकणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी मास्तर मांडी घालून बसले, तर गुडघाच उडायला लागला आणि पुस्तक हलायला लागलं. मग पाय उशीखाली दाबून पाहिला. उशी थडाथडा वाजली. बायको म्हणाली, "सरका, मीच बसते त्या पायावर," आणि खरोखरच बसली, तर मास्तरांच्या पायाला अशा मुंग्या आल्या की वाचन राहिलं बाजूला आणि तेल चोळणंच सुरू झालं. पिटू खो खो हसत होती. पुस्तक समोर असताना ती कितीतरी दिवसांनी हसली होती. पण वाचायला मात्र अजून तयार नव्हती. तोंड उघडायच्या आधी तिची नजर एकदा खाली जायचीच.

शेवटी तोडगा काढला तो तिनेच. "बाबा, पालथा झोप ना. पाय वर कर. मग खाली काही लागणारच नाही."

मास्तर जमिनीवर सतरंजी टाकून पालथे झोपले. वयाला आणि पोटाला न शोभणारं दृश्य ते! पिटू त्यांच्या उजव्या हाताला तशीच पालथी झाली. दोघांचे पाय हवेत, पुस्तक दोघांच्या नाकासमोर. गोष्ट होती एका अस्वलाची. त्याला नदीपलीकडच्या मावशीकडे जायचं असतं आणि पाण्याची तर भीती वाटते.

पिटूने सुरुवात केली. आवाज बारीक, बोट ओळीखाली. एक वाक्य झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वाक्यात अडखळली. मास्तरांचा पाय सटकन उडाला, पण हवेतच. ना टप, ना खट. पिटूने थांबून कान दिला, काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा तिने तो शब्द तिचा तिने जुळवला आणि गेली पुढे. मास्तरांनी जीभ दातांखाली धरली होती.

मग तिने एक अख्खी ओळच गाळली. अस्वल काठावर उभं राहून रडत होतं, आणि एकदम पलीकडे मावशीच्या गळ्यात पडलं. मास्तरांना ते दिसलं. पाय सायकल चालवल्यासारखा फिरायला लागला, सांगू का सांगू का करत शब्द अगदी ओठांवर आले. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पिटू आणखी एक वाक्य वाचून थबकली.

"बाबा, हे पलीकडे गेलं कसं?"

मास्तर काही बोलले नाहीत. बोलले असते तर सगळंच बोलले असते.

पिटूचं बोट पानावरून वर गेलं. एक ओळ, आणखी एक ओळ. "हां! ही राहिलीच. कासवाच्या पाठीवर बसून गेलं!" आणि ती ओळ तिने मोठ्याने, ठणठणीत वाचली, अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी.

मास्तरांनी डोळे उघडले. आपली पोरगी चुकते, आणि चूक तिची तिला कळते, आणि ती मागे जाऊन सावरते. हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं, कारण तेवढा वेळ त्यांच्या पायाने तिला कधी दिलाच नव्हता. त्यांच्या पोटात फार वर्षांनी हलकं हलकं वाटलं.

पान संपलं. रोज एकच पान वाचायचं ठरलेलं होतं. मास्तर कोपरावर जोर देऊन उठायला लागले, तोच स्वयंपाकघरातून हाक आली, "चला गं, जेवायला! ताटं घेतलीत!"

पिटूने मान वळवलीसुद्धा नाही. बोट ओलं करून तिने पान उलटलं.

"आई, थांब ना," ती म्हणाली. "आम्ही वाचतोय."